मिडसाइज एसयूव्ही नवी घ्यावी की जुनी? चाकणच्या ट्रॅफिकमधून मांडलेलं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. बातम्यांमध्ये ‘गाड्या स्वस्त झाल्या’ एवढंच मोठ्या अक्षरात आलं. पण क्रेटा, टायगुन, कुशाक, एक्सयूव्ही७००, हॅरिअर या वर्गातली गाडी घ्यायला निघालेल्या घराला ती बातमी जशीच्या तशी लागू होत नाही. आणि तुम्ही भोसरी, मोशी, चिखली, चाकण या पट्ट्यात राहत असाल, तर जीएसटीपेक्षा मोठे दोन प्रश्न आहेत: गाडी रोज कुठल्या रस्त्यावर चालणार, आणि जुनी घेतली तर ती कोणत्या सालची.

आधी कराचं बघू, कारण शोरूममध्ये सगळ्यात जास्त तेच ऐकवलं जातंय.

कर नेमका किती उतरला?

चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी किंवा डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंतचं इंजिन, या चौकटीत बसणाऱ्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. पूर्वी त्यांच्यावर सेस धरून २९ ते ३१ टक्के कर होता. चौकटीबाहेरच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांवर गेल्या आणि वरचा सेस बंद झाला. मिडसाइज एसयूव्ही सगळ्या या दुसऱ्या गटात येतात. त्यांच्यावर आधी इंजिनप्रमाणे साधारण ४५ ते ५० टक्के लागत होते.

४५ वरून ४० म्हणजे गाडी ५ टक्क्यांनी स्वस्त झाली असं वाटतं, पण तसं होत नाही. कर मूळ किमतीवर लागतो. १०० रुपयांची वस्तू आधी १४५ ला पडत होती, आता १४० ला पडते, म्हणजे प्रत्यक्ष घट ३.४ टक्के. ५० वरून ४० झालं असेल तर ६.७ टक्के. छोट्या पेट्रोल गाडीत २९ चे १८ झाले, तिथे घट ८.५ टक्के आहे. खरा फायदा छोट्या गाडीला मिळालाय. १५ लाख एक्स-शोरूमच्या दीड लिटर पेट्रोल एसयूव्हीत कर कमी झाल्याने वाचतात साधारण ५२ हजार. कमी नाहीत, पण एवढ्यासाठी निर्णय फिरवावा इतकेही नाहीत.

जुन्या गाडीच्या बाजारात मात्र हे ५२ हजार तुमच्या हातातलं हत्यार आहे. विकणारा हमखास म्हणतो, “मला ऑन-रोड अठरा लाखांना पडली होती.” त्याला तेव्हा कितीला पडली याला आज अर्थ नाही. तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तिथूनच खाली मोजायचं.

जुन्या गाडीवरही १८ टक्के जीएसटी लागतो अशी एक चर्चा अजून चालू असते. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलमध्ये तो दर ठरला खरा, पण तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही शेजाऱ्याकडून गाडी घेतली तर जीएसटीचा संबंधच येत नाही.

हप्ता सारखाच दिसतो, तिथे फसायला होतं

एक उदाहरण घेऊ. व्याजाचे दर मी धरलेले आहेत, तुमच्या बँकेचे टाकून बघा.

नवी गाडी एक्स-शोरूम १५ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ८० हजार. विमा आणि बाकी किरकोळ धरून साडेसतरा लाखांच्या आसपास. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापतात, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मिळवता येतो. बरेच लोक विसरतात. यातले १३ लाख ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता २०,९०० च्या आसपास बसतो.

आता त्याच वर्गातली जुनी गाडी १० लाखांना. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त आणि मुदत कमी असते. ८ लाख, १३ टक्के, ५ वर्षं धरली तर हप्ता १८,२०० च्या आसपास.

फरक महिन्याला फक्त २,७००! इथेच शोरूमवाला म्हणतो, “सर, थोडेच जास्त, नवीच घ्या की.” पण बँकेला एकूण किती जातात ते बघा. नव्यात साडेसतरा लाखांच्या वर, जुन्यात अकरा लाखांच्या आत, आणि वर नव्या गाडीचं डाउन पेमेंटही जास्त. सात वर्षांचा हप्ता म्हणजे आज पहिलीतला मुलगा आठवीत जाईपर्यंत. कॉन्ट्रॅक्टवर काम असेल किंवा कंपनीत ले-ऑफची कुजबुज असेल, तर हप्त्याच्या आकड्याइतकीच त्याची लांबीही बघायला हवी.

‘जुनी’ म्हणजे कोणत्या सालची?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. किलोमीटर नंतर बघा, आधी दोन तारखा लक्षात ठेवा.

पहिली १ एप्रिल २०२०, म्हणजे बीएस-६ सुरू झालं ती तारीख. दुसरी १ एप्रिल २०२३. या दिवसापासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, ज्यात धूर फक्त लॅबमध्ये नाही तर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो. त्याच सुमारास कंपन्यांनी नव्या गाड्यांतले इंधनाच्या वाटेवरचे रबरी भाग, सील वगैरे ई-२० पेट्रोल चालेल असे द्यायला सुरुवात केली.

आज पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकीसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज होता. म्हणजे २०२१ ची पेट्रोल एसयूव्ही घेतली म्हणून इंजिन उद्या बंद पडणार नाही. पण तिच्यात होज आणि सील हा संभाव्य खर्च तुमच्या वाट्याला येतो, तो किमतीत कापून घ्या. एप्रिल २०२३ नंतरची असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर ‘ई-२०’ लिहिलेलं आहे का ते बघा.

चाकणचा ट्रॅफिक गाडीचं काय करतो

पुणे-नाशिक हायवेवर मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौक, आंबेठाण चौकापर्यंत शिफ्ट सुटायच्या वेळी काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ब्रोशरमध्ये या परिस्थितीचा आकडा नसतो.

डिझेलपासून सुरू करू. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते आणि साठली की जाळून टाकते. जाळायला एक्झॉस्टचं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. मोशी ते चाकण ताशी १२ च्या वेगात ते होत नाही. गाडी जाळणी सुरू करते, तुम्ही कंपनीच्या गेटवर इंजिन बंद करता, काम अर्धवट. असं वारंवार झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरायला लागतं. जुनी डिझेल बघायला गेलात तर ऑइलची डिपस्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल असेल, तर त्या गाडीनं अशाच रस्त्यावर दिवस काढलेत.

उलट, दर दोन-तीन आठवड्यांनी गावाला, म्हणजे लातूर, जळगाव, बीडला जाणारं घर असेल तर डिझेल खुशाल घ्या. तीनशे-चारशे किलोमीटरच्या सरळ धावेत गाळणी आपोआप साफ होते.

पण या पट्ट्यातली एक गोष्ट लोक हिशोबात धरत नाहीत: बरेच जण कामावर कंपनीच्या बसनं जातात. गाडी सोसायटीत उभी असते आणि रविवारी निघते. वर्षाला ८,००० किलोमीटर धरा. पेट्रोल १२ चं ॲव्हरेज, डिझेल १६ चं, आणि लिटरमागे १३-१४ रुपयांचा फरक. वर्षाला २४ हजारांच्या आसपास वाचतात. डिझेल मॉडेल दीड लाखानं महाग असेल तर तेवढेच वसूल व्हायला सहा वर्षं, वर महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त. कशाला?

ऑटोमॅटिकचंही तसंच. ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द तीन वेगळ्या यंत्रांना वापरतात. चाकणलाच बनणाऱ्या टायगुन आणि कुशाकमध्ये १.० लिटर इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर मिळत आलाय, १.५ ला सात गिअरचा ड्युअल क्लच. क्रेटा-सेल्टॉसच्या टर्बो पेट्रोललाही ड्युअल क्लच, साध्या १.५ पेट्रोलला सीव्हीटी. हे ड्युअल क्लच कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नसतं. इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत ते तापतात. एक्सप्रेसवेवर हाच गिअरबॉक्स चालवायला सगळ्यात मजा येते यात वाद नाही. पण वॉरंटी संपलेली, रोज चाकणला ये-जा केलेली ड्युअल क्लच गाडी मी स्वतः घेणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर थोडा सुस्त असतो, पण त्याला हा ट्रॅफिक झेपतो.

स्टार कोणत्या गाडीचे?

सेफ्टीचे स्टार मॉडेलच्या नावाला नसतात, त्या सालच्या बांधणीला असतात. टायगुन आणि कुशाकला ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या नव्या, कडक चाचणीत पाच स्टार मिळाले. एक्सयूव्ही७०० चे पाच स्टार नोव्हेंबर २०२१ चे, जुन्या नियमांतले. हॅरिअर-सफारीचे पाच स्टार २०२३ मध्ये बदललेल्या मॉडेलचे आहेत, ते २०२० च्या हॅरिअरला लावू नका. २०२२ मध्ये तपासलेल्या तेव्हाच्या क्रेटाला तीन स्टार होते, आणि तिच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये दोनच एअरबॅग होत्या. जुनी घेताना मागच्या सीटवर मुलं बसणार असतील तर सनरूफच्या आधी एअरबॅग मोजा.

“आपला माणूस कंपनीत आहे”

इथल्या प्रत्येक घरात कुणीतरी कंपनीत असतोच. मामाचा मुलगा, भाऊजी, वरच्या मजल्यावरचे काका. त्यांना विचारून गाडी ठरते. पण लाइनवरच्या माणसाला त्याच्या स्टेशनवरच्या बोल्टचा टॉर्क तोंडपाठ असतो. तोच गिअरबॉक्स पाच वर्षांनी काय करतो हे सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला माहीत असतं. विचारायचंच तर त्याला विचारा.

पट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट मात्र बाहेरच्यापेक्षा चांगली कळते, ती म्हणजे कंपनी टिकणं. तळेगावला जनरल मोटर्सचा प्लांट २००८ मध्ये सुरू झाला, २०१७ च्या शेवटी कंपनीनं भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात प्लांट बंद. आज तिथे ह्युंदाई आहे. बंद झालेल्या ब्रँडची जुनी गाडी स्वस्त दिसते, कारण पुढच्या बंपरपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक पार्ट शोधण्याचं काम तुमच्यावर येतं. उलट हॅरिअर, सफारी, रांजणगावची जीप कंपास आणि एमजी हेक्टर डिझेल, या सगळ्यांत मुळात एकच दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. असं इंजिन उघडलेला मेकॅनिक सापडायला त्रास होत नाही.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: जीएसटी ५ टक्केच आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात रोड टॅक्स आणि ठरावीक मार्गांवरचा टोल माफ आहे. नवी घेणाऱ्याला गणित चांगलं जमतं. जुनी घेताना बॅटरीच्या ‘लाइफटाइम’ वॉरंटीची अट वाचा, ती सहसा पहिल्या मालकापुरती असते आणि दुसऱ्याला मर्यादित वर्षं मिळतात.

मग घ्यायची कोणती?

वर्षाला दहा हजारांच्या आत चालणाऱ्या घराला माझं मत: एप्रिल २०२३ नंतरची, एमएच-१४ किंवा एमएच-१२ पासिंगची, मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली पेट्रोल गाडी, कंपनीची वॉरंटी थोडी शिल्लक असलेली. नवी घ्या, पण आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तरच. आणि दिल्लीहून आलेल्या चकचकीत डिझेलपासून लांब राहा. तिकडे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदीचा नियम असल्यानं गाड्या स्वस्तात निघतात, पण इथे आणल्यावर एनओसी, नव्यानं टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे मिळून ती स्वस्ताई बरीचशी संपते.

गाडी बघायला जाताना ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर घेऊन जा, हजार रुपयांच्या आसपास मिळतो. फोनवरच्या ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असा आकडा शोधा. गाडी ४५,००० किलोमीटर चाललेली आणि हा आकडा ६ किलोमीटर दाखवत असेल, तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी डॅशबोर्डवरचे दिवे विझवलेत. बॅटरी बदलली असेल तरी काही गाड्यांत तो शून्य होतो, म्हणून बॅटरीचं बिल मागा. शिवाय विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस बघा. चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का ते तपासा. पवना-मुळेच्या काठच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलेली गाडी पॉलिश करून सहज चमकवता येते, पण गुंडाळलेला पट्टा सहसा कुणी धूत नाही.