डेलियाचे कंद कुजू लागले तर...



श्रावणाच्या तोंडावर वसईच्या एका भगिनीचं पत्र आलं. पत्र लहानसंच, पण वाचून जीव हळहळला. त्या लिहितात, "आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला जांभळा डेलिया होता. नाताळच्या सुमाराला बशीएवढी फुलं यायची. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. यंदा मार्चमध्ये मी सात कंद काढून पिशवीत जपून ठेवले. परवा पिशवी उघडली तर घाण वास! पाच कंदांचा लगदा झाला आहे. दोन उरलेत, तेही कसेसेच दिसतात. काही करता येईल का? बाजारात जांभळा डेलिया मिळेल हो, पण तो आमचा नव्हे."

शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. डेलियाचं बी पेरलं तर आईचा रंग लेकीला येईलच असं नाही. तेच फूल पुन्हा हवं असेल तर कंदापासून किंवा कोंबाच्या छाटापासूनच रोप करावं लागतं. कंद गेला की ते फूल घरातून गेलं. म्हणून आजचं सगळं पान याच पत्राच्या उत्तराला देते.

आधी कंद कुजतो का, ते समजून घेऊ. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला. तिथून तो १७८९ मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरातल्या बागेत गेला आणि १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. १९६३ पासून तो मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे तो गार हवेतल्या पावसात वाढतो आणि पुढच्या कोरड्या दिवसांत जमिनीत झोपतो. आपल्याकडे सगळं उलटं! आपण त्याला हिवाळ्यात फुलवतो आणि झोपवतो ते नेमकं पावसाळ्यात. वसईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हवा इतकी दमट की मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत पिशवीत कोंडलेला कंद घामेजतो आणि त्याला बुरशी धरते. तेव्हा परदेशी पुस्तकात "कंद थंडीपासून जपा" असं लिहिलेलं असलं, तरी आपल्याला तो जपायचा आहे ओलीपासून.

आता पत्रातल्या त्या दोन कंदांकडे वळू. पिशवीतून ते आजच बाहेर काढा आणि अंगठ्यानं दाबून पाहा. बोट आत गेलं आणि वास आला, तर तो भाग गेलाच. कंद नुसता सुरकुतला असेल, पण आतून घट्ट असेल, तर तो तहानलेला आहे, कुजलेला नव्हे. वर नुसती पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. धुऊ मात्र नका.

कुजलेला भाग धारदार सुरीनं कापा. आतला गर स्वच्छ, पांढरट दिसेपर्यंत कापत जा, हात आखडू नका. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनं पुसा, नाहीतर एका कंदाची कीड आपणच दुसऱ्याला लावू. कापल्या जागी गंधकाची भुकटी लावा. ती नसली तर चुलीतल्या कोळशाची बारीक पूड चालेल. गंधक लावल्यावर हात साबणानं धुवा आणि पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. मग कंद दोन-तीन दिवस घरातच वाऱ्याला उघडे ठेवा. कुजलेले तुकडे खताच्या खड्ड्यात टाकू नका.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला तसं नसतं. त्याचा डोळा असतो तो फक्त मानेपाशी, म्हणजे जुन्या खोडाला कंद जिथे चिकटतो तिथे. खालचं टोक थोडं कुजलं तरी कापून निभावतं. पण मान कुजली किंवा मोडली, तर कंद कितीही गुबगुबीत दिसो, त्याला कोंब फुटायचा नाही. तेव्हा दोन्ही कंदांची मान आधी बघा. एकाची जरी शाबूत असली तरी बाई, आशा सोडू नका!

कारण एका कंदापासून चार-पाच रोपं होऊ शकतात. सप्टेंबरात पाऊस ओसरला की पसरट कुंडीत ओलसर वाळू भरा. मान वर राहील असा कंद अर्धा पुरा आणि वळचणीखाली उजेडात ठेवा. कोंब चार बोटं वाढले की खालची पानांची एक जोडी कंदावर ठेवून वरचा छाट कापा. तिथून पुन्हा कोंब फुटतात. छाट वेगळ्या वाळूत खोचले की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. ऑक्टोबरात ती रोपं उंच वाफ्यावर लावा. बावखलाजवळची जमीन ओल धरून ठेवते, तिथे कुंडीच बरी. आणि अख्खा कंद लावलात, तर कोंब वर दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं द्या. लाडानं रोज पाणी घालून कुजवलेले कंद काही थोडे नाहीत.

आता पुढच्या वर्षीची काळजी. फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी तोडा. खोड वीतभर ठेवून कापा आणि कंद खुरप्यानं लांबून सैल करून काढा. ओढू नका, मान मोडते. डेलियाचं खोड पोकळ असतं, त्यात साचलेलं पाणी उतरून मान कुजते. म्हणून कंदांचा झुबका चार-पाच दिवस सावलीत उलटा टांगावा. आपल्याकडे सुकेळी उन्हात वाळवतात, पण कंदाला ते ऊन सोसत नाही. तो सुकून काष्ठ होतो.

मग आंब्याची लाकडी पेटी किंवा वेताची टोपली घ्यावी. उन्हात खडखडीत तापवून गार केलेल्या वाळूत थोडी कोळशाची पूड मिसळावी आणि कंद एकमेकांना लागणार नाहीत असे थरात ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी आणि घट्ट झाकणाचा डबा नकोच. पेटी भिंतीच्या ओलीपासून दूर, माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवावी. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या होत्या, ते आठवतं ना? तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर पेटी खाली ठेवूच नये. आणि दर अमावास्या-पौर्णिमेला एकदा पेटी उघडून प्रत्येक कंद दाबून पाहावा. तिथी लक्षात राहते, त्यामुळे काम चुकत नाही. एक नासका वेळीच निघाला तर बाकीचे वाचतात.

कुंडीतला डेलिया असेल तर आणखी सोपं. खोड कापून कुंडी तशीच वळचणीखाली आडवी करून ठेवा, म्हणजे पाऊस आत शिरत नाही.

शेवटी एक सांगते. बरेच वर्षांपूर्वी माझेही आईकडचे पिवळे कंद असेच एका पावसाळ्यात गेले. पेटीत एकही उरला नाही. पण आदल्या वर्षी शेजारच्या काकूंना मी एक रोप दिलं होतं. ऑक्टोबरात त्यांनी त्याचाच छाट आणून माझ्या हातावर ठेवला. तो पिवळा डेलिया आजही माझ्या दारात फुलतो, तो त्या दिलेल्या रोपामुळे.

तेव्हा वसईच्या भगिनी, यंदा छाटांना मुळं फुटली की एक रोप नणंदेकडे धाडा, एक शेजारी द्या. सासूबाईंचा जांभळा रंग तीन अंगणांत फुलू दे. एका घरची पेटी कुजली, तरी दुसऱ्या घरचा कंद असेलच. आणि नाताळला पहिलं फूल उमललं की मला जरूर कळवा.