ते भरीत नव्हे!

स्वभावाने मी भांडखोर नाही. कंडक्टरने सुटे पैसे परत दिले नाहीत तर मी उतरेपर्यंत नुसता त्याच्याकडे बघत राहतो. न्हाव्याने मला न विचारता मिशी बारीक केली, तेव्हादेखील मी आरशात बघून 'छान' म्हणालो होतो. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला भांडण परवडतच नाही. ज्याच्याशी भांडावं तो कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याचा मामा निघतो.

पण एका बाबतीत मी माघार घेणार नाही. पुण्यात भरीत या नावाखाली जे काही चाललं आहे, ते थांबलं पाहिजे.

प्रकरण सुरू झालं ते आमच्या साडूभाऊंच्या घरी. साडूभाऊ कोथरूडला राहतात. माणूस सज्जन, पगार उत्तम, पचन नाजूक. मागच्या दिवाळीनंतर आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दारातच ते म्हणाले, "या जामनेरकर! आज मुद्दाम तुमच्यासाठी भरीत केलंय."

आता खानदेशी माणसाला 'भरीत केलंय' असं सांगणं म्हणजे वारकऱ्याला कळस दाखवण्यासारखं आहे. मी दुपारचा चहा नाकारला. संध्याकाळी फिरायला गेलो, तोही भूक लागावी म्हणून. रात्री पान वाढलं गेलं. मीठ, लिंबू, चटणी, आणि त्याच्या शेजारी एक चमचाभर पांढरं काहीतरी. मला वाटलं, कोशिंबीर असेल. ती मी बाजूला सारली आणि भरिताची वाट बघत बसलो. वरणभात आला. पोळी आली. शेवटी न राहवून मी विचारलं, "भरीत?"

"अहो, वाढलंय की!" मेहुणीबाई म्हणाल्या. "भोपळ्याचं आहे. आवडलं नाही का?"

भोपळ्याचं! उकडलेल्या लाल भोपळ्यात दही, दह्यात साखर, वर मोहरीची फोडणी. चव वाईट होती असं मी म्हणत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला ती मानवेल. माझा आक्षेप चवीला नाहीच, नावाला आहे. माझ्या मुलाला तुम्ही प्रेमाने जेवायला घाला, तुमचे उपकार होतील. पण त्याचं नाव शेजारच्या पोराला देऊन त्यालाच माझा मुलगा म्हणू लागलात, तर मला बोलावंच लागेल.

तेव्हा भरीत म्हणजे काय, ते एकदा नीट सांगून टाकतो.

भरिताला पहिल्यांदा लागतं वांगं. साधं वांगं नव्हे, भरिताचं वांगं. हिरवट, पांढुरकं, लांबट, हातात घेतलं तर एकेक पाव-अर्धा किलोचं. साल पातळ आणि बिया मोजक्या. तापीपलीकडे यावल तालुक्यात बामणोद म्हणून गाव आहे, तिथलं वांगं त्यात नावाजलेलं. या वांग्याला 2016 साली सरकारने भौगोलिक मानांकन दिलं. म्हणजे वांगं कुठलं, हे आता कागदोपत्री ठरलेलं आहे. त्याच बाजूला फैजपूर आहे. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, 1936च्या डिसेंबरात. महिना बघा! ऐन भरिताचा. पुढाऱ्यांना तेव्हा काळवेळ कळत होता.

दुसरं लागतं जळण. हे फार महत्त्वाचं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्या शेतात रचायच्या, त्यात वांगी मांडायची आणि पेटवून द्यायचं. मांडण्याआधी वांग्याला टोचे मारायचे आणि तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर ते जाळात फटाक्यासारखं फुटतं आणि जवळ बसलेल्या पाहुण्याच्या सदऱ्यावर येतं. काड्यांचा जाळ मोठा, भरभर चालणारा. त्यात वांग्याची साल कोळसा होते आणि आतला गर धुरात शिजतो. गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून वांगं भाजलं तर ते मऊ होतं, हे मला मान्य आहे. माणूससुद्धा तापाने मऊ होतो. पण धुराचा वास सिलिंडरमधून येत नाही.

या काड्यांचा आणखी एक गुण सांगतो. कपाशीची वेचणी संपली की काड्या शेतात उभ्या ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, असं कृषी खातं दरवर्षी कंठशोष करून सांगतं. म्हणजे भरीत करणं हे नुसतं जेवण नाही, पीकसंरक्षण आहे. भोपळा उकडून कुठल्या अळीचं काय वाकडं झालं, ते साडूभाऊंनी सांगावं.

तिसरं, ठेचणं. भाजलेली वांगी गरम असतानाच देठाला धरून सोलायची. हात भाजतो, भाजू द्यायचा. मग लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचायची. या भांड्याला कुणी बडगी म्हणतं, कुणी बडजी म्हणतं; भरिताला त्याचं काही वाटत नाही. मिरच्या हिरव्या आणि भाजलेल्या, लसूण सढळ. मग शेंगदाण्याच्या तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि त्यावर हे ठेचलेलं वांगं. वरून कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, आणि दही तर सात कोस लांब. सोबत पुऱ्या, नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या पिठाची. तोंडी लावायला मुळा आणि कांदा. डोळ्यांतून पाणी आलं तर ते धुराचं की मिरचीचं, हे कोणी विचारत नाही.

इथे प्रतिपक्षाचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. साडूभाऊ वाचणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "अहो, भरीत सगळ्या देशात करतात. तुम्ही एकटेच मालक कसे?"

ठीक आहे, घेऊ एकेकाला. पंजाबी माणूस वांगं भाजतो, इथवर तो आपला. पुढे तो त्यात टोमॅटो घालतो आणि आपल्यातून उठून जातो. बिहारी माणूस लिट्टीबरोबर चोखा खातो. त्यात कच्चं मोहरीचं तेल असतं, पण तो शेणीच्या आरावर भाजतो आणि हाताने कुस्करतो, म्हणून त्याला मी लांबचा भाऊ मानतो. काठेवाडातला ओळो म्हणजे तर शेजारघरचंच पोर. सिरिया-लेबनानकडे भाजलेल्या वांग्यात तिळाचं वाटण घालतात. पण या सगळ्यांची एक गोष्ट बघा, त्यांनी आपापल्या पदार्थाला आपापलं नाव दिलं आहे. बिहारी माणूस चोखा करून 'जामनेरकर, या, भरीत केलंय' असं म्हणत नाही. त्याला पदार्थाची लाज नाही आणि दुसऱ्याच्या नावाची हाव नाही.

नागपूरकरांचं सांगायचं तर 2018च्या डिसेंबरात विष्णू मनोहर जळगावला आले आणि त्यांनी एका कढईत 2500 किलो भरीत केलं. नागपूरच्या माणसाने येऊन आमचं भरीत करावं, याचं काहींना वाईट वाटलं असेल. मला नाही वाटलं. ते आले, आमच्या गावात आले, आमचं वांगं घेतलं, आणि अडीच हजार किलोंत भोपळ्याची एक फोड टाकली नाही. याला म्हणतात सभ्यता.

आणि हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही, हे मला पुतण्याकडून कळलं. तो टेक्सासमध्ये असतो. तिथे एका मराठी घरी त्याने शेजाऱ्याला 'बार्बेक्यू'ला बोलावलं आणि गॅसच्या शेगडीवर पाव आणि सॉसेज गरम करून पुढे ठेवले. शेजारी खाल्ला, पण जाताना पुतण्याला बाजूला घेऊन म्हणाला की बाबा रे, याला बार्बेक्यू म्हणू नकोस. बार्बेक्यू म्हणजे गाईचं मांस, लाकडाच्या धुरात रात्रभर ठेवलेलं. मग पुतण्याला कळलं की कॅरोलायनात बार्बेक्यू म्हणजे डुक्कर आणि व्हिनेगर, कॅन्सस सिटीत टोमॅटोचा गोड रस्सा, आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे सगळे भामटे. तो शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवरच्या जुन्या रहिवाशांचा. स्पॅनिश लोकांनी तो उचलला. मूळ अर्थ काय, तर काठ्यांची चौकट. बघा! तिथेही काड्याच. गॅसचा त्या शब्दाशी काडीइतकाही संबंध नाही.

पुतण्या हसत होता. मला त्या टेक्सासच्या म्हाताऱ्याला पत्र लिहावंसं वाटलं. आहारात आमचा मेळ बसायचा नाही, पण आमचं दुःख एक आहे.

इतकं सगळं मी साडूभाऊंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि विचारलं, "आणि तुमच्या घरी हल्ली कशावर भाजता?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

कारण खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं आमच्याकडे वांगं गॅसवर भाजलं जातं. मुलगा हिंजवडीला, मुलगी नाशिकला. घरात माणसं दोन, वांगं एक. दोन माणसांसाठी कोणी शेतात जाळ करत नाही. काड्यासुद्धा आता यंत्राने बारीक करून जमिनीत गाडतात. जळगावात हिवाळ्यात भरीत किलोवर विकत मिळतं आणि चांगलं मिळतं. डबा उघडला की धुराचा वास येतो. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातला असतो.

आणि आमच्या शेतातला जाळ सहा वर्षांपूर्वी का बंद झाला, हे साडूभाऊंना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं. थोरल्या भावाचा आणि माझा बांधावरून वाद झाला. दोन हाताची जमीन. मोजणी झाली, नकाशे झाले, बोलणं बंद झालं. वडील होते तोवर भरीत त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. आत्या यायची ती पाचोऱ्याहून, 'पीजे'च्या छोट्या गाडीने. 56 किलोमीटरला ती गाडी इतका वेळ घ्यायची की आत्या वाटेतच निम्मा लसूण सोलून आणायची. ती गाडी 2020 साली थांबली. आमचं भरीत त्याच्या आधीच थांबलं होतं. वडील जाळाजवळ बसून सांगायचे, "भरिताला चार भाऊ लागतात. एक भाजायला, एक सोलायला, एक ठेचायला, आणि एक नावं ठेवायला." मला वाटायचं, ते स्वयंपाकाबद्दल बोलतायत.

तर साडूभाऊ, तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर असं: गॅसवर भाजलेलं, दोघांनी दोन ताटांत गुपचूप खाल्लेलं आमचं वांगंसुद्धा भरीत नव्हे. ते भाजलेलं वांगं. मी माझ्या घरापासून सुरुवात करतो. आता तुम्हीही भोपळ्याला भोपळा म्हणा. दह्यातला भोपळा म्हणा, भोपळ्याचं रायतं म्हणा. नावात काय कमीपणा आहे? ज्या पदार्थासाठी पाच माणसं एकत्र येत नाहीत, कोणाचा हात भाजत नाही आणि कोणाशी तरी बोलावं लागत नाही, त्याला दुसरं काहीही म्हणा. भरीत म्हणू नका.

कोथरूडहून परत आल्यावर मी थोरल्या भावाकडे गेलो. चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होतं. म्हटलं, "दादा, षष्ठी जवळ आली. काड्या तुझ्याकडे आहेत, वांगी मी आणतो." दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जाळ कुठे करायचा?" मी म्हणालो, "बांधावर. जागा दोघांचीही नाही अजून."

बांधाचा निकाल आजही लागलेला नाही. पण त्यावर आता दोन हात रुंद काळा डाग आहे.

साडूभाऊंना मुद्दाम बोलावलं होतं. ते आले, नाकाला रुमाल लावून जाळाजवळ बसले, आणि तीन वेळा भरीत मागून घेतलं. सालदाराने त्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे भोपयाचं करता म्हने?" तर चक्क म्हणाले, "तो आजाऱ्याचा पदार्थ." मी जिंकलो होतो. जाताना त्यांना दोन किलोंचा डबा बांधून दिला.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. साडूभाऊ खुशीत होते.

"जामनेरकर, भरीत अप्रतिम! शेवटचं थोडं उरलं होतं, ते जरा तिखट लागत होतं. म्हणून हिने त्यात दही घातलं आणि चमचाभर साखर. काय सांगू, आता कुठे ते खरं भरीत झालं!"