ज्या लढाईला दगड मिळत नाही

आजऱ्याहून नेसरीला जाणाऱ्याला रस्ता विचारावा लागत नाही. प्रतापराव गुजरांचे स्मारक कोठे आहे हे त्या मुलखातील शाळकरी पोरही सांगते. पण त्याच परिसरातून पट्टणकुडीचे नाव काढले तर समोरचा बहुधा विचारतो, ‘तेथे काय झाले?’ या प्रश्नाविषयी हा धागा.

प्रथम नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिले, महाराजांचा रोष ओढवला, आणि पुढे नेसरीच्या खिंडीत सरनौबत मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारात या घटनेचा उल्लेख आहे : दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. मागील सैन्याची मदत त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेने ‘सात’ हा आकडा घरोघरी पोहोचवला. न पोहोचलेल्या मदतीचे वाक्य मात्र कागदातच राहिले.

नेसरीचा दगड असावाच. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो निवडीचा. शत्रू परका असेल तर लढाईला दगड मिळतो. मारणारा आणि मरणारा दोघेही मराठी असतील, तर लढाई दप्तरात पडून राहते. आणि या मुलखाचे शंभर वर्षांचे दुःख तर दुसऱ्याच प्रकारचे आहे.

आजऱ्याचे स्थान पाहावे. संकेश्वर–बांदा मार्गावरचे, हिरण्यकेशीकाठचे हे गाव इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत होते. हे घराणे मूळचे जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढले म्हणून त्यांचेच आडनाव लावले, आणि पुढे पहिल्या पेशव्यांची कन्या अनुबाई त्यांची सून झाली. म्हणजे नाव सेनापतींचे, सोयरीक पुण्याची, आणि शेजार कोल्हापूरच्या छत्रपतींचा. घाटाखाली सावंतवाडीकर, पूर्वेला पटवर्धन. हे सर्व मराठी बोलणारे, स्वराज्याचे नाव घेणारे, आणि आलटून पालटून एकमेकांची गावे जाळणारे. संताजींचा अंत तरी कोणी केला? १६९७ मध्ये नागोजी माने यांनी. ते काही मोगलांच्या घरात जन्मले नव्हते.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या फौजा भिडल्या. तेथून सुरू झालेली भाऊबंदकी १७३१ च्या वारणेच्या तहाने कागदावर मिटली. जमिनीवर ती मिटली नाही. सावंतवाडीच्या खेम सावंतांना शिंद्यांच्या सोयरिकीमुळे दिल्लीहून राजाबहादूर हा किताब आणि मोरचेलांचा मान मिळाला. तेवढे निमित्त कोल्हापूरकरांना वाडीच्या किल्ल्यांवर चालून जाण्यास पुरले. मोरपिसांसाठी किती शेतकऱ्यांची पिके तुडवली गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही बखरकाराने ठेवलेला नाही.

आणि मग पट्टणकुडी. निपाणी–चिकोडीच्या टापूतले, आज बेळगाव जिल्ह्यातले गाव. सप्टेंबर १७९९ मध्ये येथे परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरच्या फौजेशी लढताना मारले गेले. भाऊ म्हणजे कोणी गल्लीतला सरदार नव्हे. १७९० ते ९२ या काळात टिपूविरुद्ध मराठी फौज त्यांनी नेली. १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाविरुद्धचे सेनापतिपद त्यांच्याकडे होते. ज्याला टिपू आणि निजाम मारू शकले नाहीत, तो सेनानी घरापासून चार मजलांवर, मराठी हातांनी पडला. ते रणातच पडले असे एक पक्ष सांगे. जखमी होऊन हाती लागल्यावर मारले गेले असे दुसरा. कोल्हापूरकरांची बाजूही ऐकली पाहिजे. पटवर्धनांनी त्यांचा मुलूख वर्षानुवर्षे तुडवला होता, आणि त्याचा सूड म्हणून तासगावचा वाडा आधीच जाळला गेला होता. या हिशेबात निर्मळ हात कोणाचेच नव्हते.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. दक्षिणेत इंग्रजांना रोखील अशी मोठी सत्ता आता मराठ्यांचीच उरली होती. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांत पट्टणकुडी. पुढच्या वर्षी भाऊंच्या मुलाने शिंद्यांच्या पलटणींसह कोल्हापूरला वेढा घातला. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस वारले, पुण्याचे राजकारण फिरले, वेढा उठला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने तहावर सही केली. १ ऑक्टोबर १८१२ रोजी कोल्हापूरनेही इंग्रजांशी तह केला. पेशवाई का बुडाली हे शोधण्यासाठी प्रत्येक वेळी फितुराचे एखादे नाव लागते; त्याऐवजी या तारखा वाचल्या तरी पुरे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘जुन्या जखमा का उकरायच्या? एकीचे दगड उभारा.’ हा आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो, पण परंपरा त्याच्या विरुद्ध आहे. कोल्हापूरच्या गावोगाव, देवळांच्या आवारात आणि ओढ्याच्या काठी, वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गाईगुरे वाचवताना पडलेल्यासाठी, गावच्या वेशीवर शेजाऱ्याशी लढून पडलेल्यासाठीही हे दगड उभारले गेले. मारणारा परधर्मी होता की पलीकडच्या गावचा, असे विचारून पाथरवटाने छिन्नी थांबवली नाही.

बाहेरचे उदाहरणही आहे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या जागा दाखवणारे फलक हमरस्त्यांच्या कडेला आहेत. व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून रस्त्याकडेला इतिहासफलक लावण्यास आरंभ केला. गेटिसबर्गच्या मैदानात दोन्ही बाजूंच्या पलटणींची स्मारके आहेत. तेथेही भांडणे झाली, पराभूतांचे पुतळे गुलामगिरीवर पांघरूण घालतात म्हणून काही उतरवले गेले. पण ते भांडण होऊ शकले, कारण लढाई कोणाशी झाली हे लपवलेले नव्हते.

पट्टणकुडीच्या दगडाला फार मजकूर लागणार नाही. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत असावा. सप्टेंबर १७९९. एका बाजूला कोल्हापूरचे छत्रपती, दुसऱ्या बाजूला पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ. मृत्यूविषयीच्या दोन्ही हकिकती, एकीखाली एक. आणि ‘शत्रू’ हा शब्द कोठेही नसावा.