दोन लाखांचे ग्राफिक कार्ड कोणासाठी?

इंजिनिअरिंगला, अॅनिमेशनला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला गेलेला मुलगा घरी सांगतो की, चांगला कॉम्प्युटर पाहिजे आणि त्यात सर्वांत भारी ग्राफिक कार्ड पाहिजे. आईवडिलांना त्यातले काही कळत नाही. मुलाचे शिक्षण अडू नये एवढेच त्यांना कळते. मग पतपेढीचे कर्ज निघते, भविष्य निर्वाह निधीला हात लागतो, नाहीतर दुकानदाराच्या हप्त्यांवर सही होते. म्हणून हा प्रश्न केवळ खेळ खेळणाऱ्या श्रीमंत पोरांचा राहिलेला नाही. तो आपल्या घरातही आला आहे. हे महागडे कार्ड खरोखरच त्या किमतीचे आहे काय, याचा विचार भावनेने नव्हे, हिशोबाने झाला पाहिजे.

प्रथम किंमत पाहू. एनव्हिडिया कंपनीने ३० जानेवारी २०२५ रोजी आरटीएक्स ५०९० हे कार्ड बाजारात आणले. अमेरिकेत त्याची किंमत १,९९९ डॉलर आणि भारतात २ लाख १४ हजार रुपये जाहीर झाली. इतर कंपन्यांनी त्याच चिपवर बनविलेली कार्डे तर २०२५ मध्ये याहूनही चढ्या दराने विकली गेली. आता थोडे मागे जाऊ. २०१७ मध्ये जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला आले. 'टायटन' नावाचे १,२०० डॉलरचे कार्ड वगळले तर त्यावेळचे ते सर्वांत वरचे कार्ड होते. २०२० मध्ये ३०९० आले १,४९९ डॉलरला आणि २०२२ मध्ये ४०९० आले १,५९९ डॉलरला. म्हणजे आठ वर्षांत वरच्या पायरीचा भाव जवळजवळ तिप्पट झाला. सामान्य नोकरदाराचा पगार त्या प्रमाणात वाढला काय?

किंमत वाढली, पण कामही वाढले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु किती वाढले ते पाहिले पाहिजे. ४०९० च्या तुलनेत ५०९० ची किंमत २५ टक्क्यांनी अधिक आहे. विजेचा कमाल वापर ४५० वॉटवरून ५७५ वॉटवर गेला, म्हणजे तोही सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. आणि ४के पडद्यावरील प्रत्यक्ष वेग? तो साधारण २५ ते ३५ टक्क्यांनी वाढला. जेवढे पैसे जास्त, जेवढी वीज जास्त, जवळपास तेवढेच काम जास्त. याला प्रगती म्हणावे की नुसती मोठी पिशवी?

त्याच मालिकेतील ५०८० हे कार्ड २०२५ मध्ये ९९९ डॉलरला, म्हणजे निम्म्या किमतीला जाहीर झाले. दुप्पट पैसे मोजून ५०९० घेतले तर वेग दुप्पट मिळत नाही. ४के वर तो सुमारे दीडपट मिळतो. आणि आपल्या बहुतेक घरांत असतो तसा साधा १०८०पी मॉनिटर असेल तर हा फरक आणखी घटतो, कारण तेथे कार्डाला प्रोसेसरची वाट पाहत बसावे लागते. पडदा दहा हजारांचा आणि कार्ड दोन लाखांचे, हा कुठला हिशोब?

यावर नेहमीचे उत्तर असे असते की, एकदाच भारी वस्तू घेतली की दहा वर्षे बघायला नको. हा युक्तिवाद सायकलीला किंवा शिलाई मशीनला लागू पडेल, ग्राफिक कार्डाला पडत नाही. ज्यांनी ऑक्टोबर २०२२ नंतर मोठी रक्कम मोजून ४०९० घेतले, त्यांचे काय झाले? जानेवारी २०२५ मध्ये नवी मालिका आली. तिच्यातील 'मल्टी फ्रेम जनरेशन' ही सोय फक्त नव्या मालिकेलाच मिळाली. सर्वांत महाग कार्ड घेणारा ग्राहकही सव्वादोन वर्षांत मागे पडला.

जाहिरातीपासूनही सावध राहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड ४०९० इतकी कामगिरी देईल, असे व्यासपीठावरून सांगितले. ही बरोबरी त्याच 'मल्टी फ्रेम जनरेशन'च्या आधारावर होती. कार्ड एक चित्र स्वतः काढते आणि जोडीची काही चित्रे अंदाजाने भरते. पडद्यावर आकडा मोठा दिसतो, पण कार्डाची मूळ ताकद ४०९० एवढी होत नाही. आकडा कोणी दिला आणि कसा काढला, हे विचारण्याची सवय आपल्याला असलीच पाहिजे.

मग हे कार्ड कोणाच्याच उपयोगाचे नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आहे, ५०८० मध्ये १६ जीबी. ब्लेंडरमधील मोठा थ्रीडी देखावा किंवा भाषेचे मोठे मॉडेल १६ जीबीत मावत नसेल तर वेगाची चर्चाच व्यर्थ ठरते. ते काम एकतर होत नाही किंवा रखडत होते. ज्याची रोजीरोटी अशा कामावर आहे, ज्याचे काम रोज आठ तास कार्डावर चालते, त्याने ते जरूर घ्यावे. त्याच चिपवर बनलेले ९६ जीबीचे व्यावसायिक कार्ड याच्या कित्येक पट महाग आहे, हे पाहता त्याच्यासाठी हा सौदा महाग नाही. मात्र कामातून पैसे येऊ लागल्यावर कार्ड घ्यावे. कार्ड घेतल्याने काम येईल, या आशेवर घर गहाण टाकू नये.

शिवाय कार्डाची किंमत कार्डापाशी थांबत नाही. कंपनी १,००० वॉटचा एसएमपीएस लावायला सांगते. पूर्ण भाराने रोज सहा तास चालविले तर एकटे कार्ड महिन्याला सुमारे १०० युनिट वीज खाते. महावितरणचा पहिला स्वस्त टप्पाच १०० युनिटचा आहे. पुढचे सारे घर महाग दरात जाते.

विद्यार्थ्याने काय करावे? ५९ हजारांना जाहीर झालेले ५०७० किंवा १६ जीबीचे मधल्या किमतीचे कार्ड शिक्षणाला पुरेसे आहे. अगदी ८ जीबीचे कार्डही घेऊ नये, ते लवकर अपुरे पडते. मॉडेल शिकविण्याचे काम गुगल कोलॅब आणि कॅगल यांच्या मोफत जीपीयूवर सुरू करता येते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १० हजार ३७२ कोटी रुपयांचे 'इंडिया एआय मिशन' मंजूर केले आहे आणि त्यातून सवलतीच्या तासाच्या दराने जीपीयू देण्याची योजना आहे. हा पैसा जनतेचा आहे. त्याचा लाभ मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांपुरता राहतो की जिल्ह्याच्या कॉलेजातील मुलांपर्यंत पोहोचतो, हे आपण विचारले पाहिजे.

कंपनीला आपली गरज किती आहे, हेही ओळखावे. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली. त्यात डेटा सेंटरचा वाटा ११५ अब्ज आणि गेमिंग कार्डांचा केवळ ११ अब्ज होता. घरगुती ग्राहक रुसला म्हणून ती भाव उतरवील, या भ्रमात राहू नये.

म्हणून मार्ग एकत्र येण्याचाच आहे. एका ५०९० च्या पैशात तीन ५०७० येतात. ती वस्तीतील अभ्यासिकेत, वसतिगृहात बसविली तर पाळीपाळीने तीस मुले शिकतील. गावोगावच्या मंडळांनी जयंतीच्या खर्चातून एवढी रक्कम बाजूला काढणे अशक्य नाही. वसतिगृहांत अशी कॉम्प्युटर खोली हवी, अशी मागणी सरकारकडे रेटणेही अशक्य नाही.

किमतीवरून माणसाची लायकी ठरविण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. भारी कार्ड नाही म्हणून आपला मुलगा मागे पडेल, ही भीती त्याच रीतीचे नवे रूप आहे. ती झुगारून दिली पाहिजे. कार्ड मधले असले तरी चालेल, परंतु ते चालविणाऱ्याचा अभ्यास मात्र पहिल्या प्रतीचा हवा.