मैदान कुणाच्या खिडकीतले?

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानालगत खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर सदनिका असे मनोरे उभे राहिले की शहर प्रौढ होते, हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. 'मिश्र वापर' ही काही नवी कल्पना नव्हे. रविवार कारंज्याच्या परिसरात खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पण तेथला ओटा रस्त्याशी बोलत असे. मनोऱ्याला फाटक असते, पहारेकरी असतो.

खरा मिश्र वापर आहे तो मैदानाचा! पहाटे फेऱ्या मारणारे निवृत्त लोक, दुपारी यष्ट्या रोवणारी पोरे, एखाद्या हंगामात रणजी सामना. हे मोकळेपण सर्वांचे; त्याचे 'दृश्य' मात्र चौरस फुटाच्या दराने विकले जाणार. आणि दराची बोली निघाली की हुतात्म्याचे नाव गळते, 'गोल्फ क्लब' तेवढे उरते. १९०९ साली जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या त्या तरुणाचे नाव विकायला अवघड असावे. (मराठी शिकवणारे आम्हीही बोलताना 'गोल्फ क्लब'च म्हणतो, हे कबूल.)

मनोरे बांधायचेच असतील, तर मैदानाकडच्या बाजूने त्यांची उंची आवरा, वाहने आत घ्या आणि तळमजला विनाफाटक, रस्त्याला उघडा ठेवा.