गोंधळाचं वर्ष? कुणाचा गोंधळ?

इसवी सनापूर्वी ४६. वर्षाची लांबी: ४४५ दिवस! प्रोग्रामर मंडळींत तारखांचा विषय निघाला की कुणीतरी हा किस्सा सांगतोच. 'गोंधळाचं वर्ष' म्हणून सगळे हसतात. माझं म्हणणं, हे नाव चुकीच्या वर्षाला चिकटलंय.

रोमन वर्ष ३५५ दिवसांचं. ऋतूंशी मेळ बसावा म्हणून अधूनमधून फेब्रुवारीला जोडून जादा महिना घालायचा. कधी घालायचा ते ठरवणार पाँटिफ, म्हणजे धर्माधिकारी. आणि हे कुणी साधूबैरागी नव्हेत, पक्के राजकारणी! वर्ष लांबलं की सत्तेवरच्यांची मुदतही लांबणार. इथेच तर मेख आहे. इ.स.पू. ५१ मध्ये सिलिशियाला गव्हर्नर म्हणून गेलेला सिसेरो मित्राला पत्रं लिहून विनवतोय, तो महिना घालू देऊ नकोस. त्याला लवकर घरी यायचंय. इ.स.पू. ५० मध्ये क्युरिओला तोच महिना हवा होता. मिळाला नाही, आणि गडी गेला सीझरच्या गोटात!

इ.स.पू. ५२ नंतर पाच वर्षं महिना घातलाच नाही. सुगीचे सण सुगीत येईनात. शेवटी ४६ मध्ये सीझरने २३ दिवसांचा नेहमीचा महिना घातला, वर नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये आणखी ६७ दिवस. एकूण ९०. याला गोंधळ म्हणायचं? ही तर थकबाकी फेडली! मॅक्रोबियसने पुढे या वर्षाला गोंधळाचं शेवटचं वर्ष म्हटलं. त्यातला 'शेवटचं' आपण सोयीस्कर गाळतो.

मग सीझर हीरो का? थांबा. इ.स.पू. ६३ पासून मुख्य पाँटिफ तोच होता. बग त्याच्याच खात्यातला. दर चार वर्षांनी एक दिवस हे गणितही नवं नव्हतं, इजिप्तमध्ये इ.स.पू. २३८ च्या कॅनोपसच्या हुकुमात ते आहे. सीझरने केलं ते एवढंच, की दरवेळी कुणाच्या तरी मर्जीवर असलेली गोष्ट नियमात बांधली. तरी त्याच्यामागे पाँटिफांनी मोजताना पहिलं वर्षही धरलं आणि दर तीन वर्षांनी लीप वर्ष केलं. चक्क ऑफ-बाय-वन! ते ऑगस्टसला निस्तरावं लागलं.

म्हणून "तारखा फार अवघड बुवा" हे रडगाणं मला पटत नाही. गणित सोपं असतं. बटण कुणाच्या हातात आहे आणि ते न दाबण्यात कुणाचा फायदा आहे, हे विचारणं अवघड असतं.

असो. यापुढे कुणी ४४५ दिवसांवर हसलं, तर त्याला आधीच्या पाच वर्षांचा हिशोब मागा.