मेल्यानंतरची तपासणी कोणासाठी?

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. आजाराने नव्हे, औषधाने! मेंदूवरचा आणि डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल दिले होते. ते औषधी ग्लिसरॉल नव्हतेच. कारखान्यात वापरायच्या त्या मालात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने मंत्री, अन्न व औषध प्रशासन, रुग्णालय आणि पुरवठादार, सर्वांवर ठपका ठेवला. १९८८ साली आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. खुर्ची गेली, पण व्यवस्था सुधारली काय?

उत्तर २०२५ साली मिळाले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक कोवळी लेकरे गेली. त्यातली कित्येक तर उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. विष तेच, डायइथिलीन ग्लायकॉल! परवानगी ०.१ टक्क्याची, तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या औषधात सापडले ४८.६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली विषाची.

आता यातली विषमता पाहा. २०२२ साली गांबियात भारतीय सिरपशी जोडलेले बालमृत्यू झाले आणि जगात नाचक्की झाली. तेव्हा केंद्राने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या प्रत्येक सिरपला सरकारी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. देशात विकायच्या सिरपला मात्र ही अट नव्हती. परदेशातल्या लेकरांसाठी तपासणी आधी, आपल्या लेकरांसाठी मेल्यानंतर! हा कुठला न्याय?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० सालचा आहे. भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा त्यात आहे. फार्मसी कायदा १९४८ चा; नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचे औषध कोणी देऊ नये, असे तो बजावतो. मग अडते कुठे? अडते ते राबवणाऱ्या माणसांपाशी. माशेलकर समितीने २००३ साली सांगितले होते, ५० कारखान्यांमागे आणि २०० दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा. निरीक्षकच नसेल तर नमुना कोण उचलणार? प्रशिक्षित विश्लेषक नसेल तर तो तपासणार कोण? आणि अहवाल येईपर्यंत बाटली रिकामी झाली असेल, तर त्या अहवालाचा उपयोग पंचनाम्यापुरताच. त्यावर कडी म्हणजे, दर्जाहीन औषधाचे काही गुन्हे पैसे भरून मिटवण्याची वाट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने मोकळी केली. विश्वास कोणाचा? जनतेचा की कारखानदाराचा?

पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे अनुच्छेद ४७ सांगते. निदेशक तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे खरे. पण देशाच्या कारभारात ती तत्त्वे मूलभूत आहेत, हे लगेच अनुच्छेद ३७ मध्येच लिहून ठेवले आहे. सत्ताधारी पहिले वाक्य वाचतात आणि दुसरे सोडून देतात.

घाटीच्या औषध खिडकीपुढची रांग पाहा. जालना, बीड, परभणीहून एस.टी.ने आलेला शेतमजूर, वाळूजचा कंत्राटी कामगार, झोपडपट्टीतली बाळंतीण. श्रीमंताला दुसरा डॉक्टर, दुसरी कंपनी, दुसरे शहर निवडता येते. या माणसाच्या हाती जी बाटली पडेल तीच त्याचे औषध. म्हणून तपासणी हा त्याच्या जगण्याचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे.

तेव्हा नुसता निषेध पुरे झाला. त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेले कोणतेही औषध ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कोणाही माणसाला आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला आहे. तो किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? बिल जपून ठेवा, बॅच क्रमांक टिपून घ्या. सरकारी दवाखान्यातल्या फुकट औषधाचा तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आपल्याच शहरात आहे; तिथे निरीक्षकांची पदे किती, भरलेली किती, हेही लेखी विचारा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी दर महिन्याला असा एक अर्ज केला, तरी साहेबांच्या टेबलावरची धूळ झटकली जाईल. जे. जे.च्या चौदा जणांसाठी आयोग नेमावा लागला, तो ते गेल्यावर. आपण प्रश्न विचारायचा आहे तो बाटली उघडण्याआधी.